काक्षीचा सोबती

दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबादच्या गच्चीवरून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. रस्त्यावरचे दिवे आणि हिवाळ्यातले धुरके मिळून आकाशातले बहुतेक तारे पुसून टाकतात. मृग नक्षत्र मात्र या सगळ्याला पुरून उरते. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेआठच्या सुमारास दक्षिणेकडे तोंड करून वर पाहिले की हरणाचे चार पाय, पोटात घुसलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि खाली डावीकडे तो बाण मारणारा व्याध सहज ओळखता येतो. चार पायांपैकी वरचा डावा तारा बाकीच्यांहून वेगळा, तांबूस नारिंगी दिसतो. हा काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस. आर्द्रा नक्षत्राचा मुख्य तारा तो हाच. दिल्लीहून तो क्षितिजापासून सुमारे ६९ अंश उंच चढतो, त्यामुळे इमारतींच्या गर्दीतही तो हरवत नाही.

या ताऱ्याचे तेज कमी-जास्त होते, हे जवळजवळ दोनशे वर्षांपासून माहीत आहे. त्या चढउतारात आणखी एका ताऱ्याची चाहूल लपली असावी, हा संशय शंभर वर्षांहून जुना आहे. तो दुसरा तारा दुर्बिणीतून अंधूकसा दिसल्याची बातमी मात्र २०२५ साली आली. एवढा काळ का लागला आणि न दिसणाऱ्या ताऱ्याचा माग कसा काढला गेला, ते या प्रकरणात पाहू.

जंतरमंतर आणि जुन्या याद्या

दिल्लीला ताऱ्यांच्या नोंदींची परंपरा आहे. कॅनॉट प्लेसजवळचे जंतरमंतर सवाई जयसिंहांनी १७२४ साली उभारले. तिथले सम्राट यंत्र सुमारे ७० फूट उंच आहे. मुघल बादशहा महंमदशहाच्या नावाने तयार झालेल्या ‘झीज-इ-महंमदशाही’ या ग्रंथात १०१८ ताऱ्यांची यादी आहे. तिचा आधार समरकंदच्या उलुघ बेगची यादी, आणि त्याही मागे टॉलेमीचा ‘अल्माजेस्ट’. जयसिंहांच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी हाच ‘अल्माजेस्ट’ अरबीवरून संस्कृतात आणला.

या परंपरेने ताऱ्यांची स्थाने फार काळजीपूर्वक जपली. संपातबिंदू सरकतो म्हणून ती पिढ्यान्‌पिढ्या सुधारून घेतली. ताऱ्याचे तेज मात्र एकदा लिहिले की तेच पुढे चालू राही. तारे बदलतात अशी अपेक्षाच नव्हती.

तरीही जुन्या नोंदी किती मोलाच्या असतात ते काक्षीच्याच बाबतीत दिसले. इसवी सनापूर्वी सुमारे १०० या काळात चिनी इतिहासकार सिमा छियान याने या ताऱ्याला पिवळा म्हटले आहे. सोळाव्या शतकात टायको ब्राहेला तो रोहिणीपेक्षाही तांबडा दिसला. अशा नोंदी एकत्र करून २०२२ साली खगोलशास्त्रज्ञांच्या एका गटाने निष्कर्ष काढला, की गेल्या दोन हजार वर्षांतच हा तारा पिवळ्याचा तांबडा झाला. ताऱ्याच्या आयुष्यातला एक मोठा टप्पा माणसाच्या लिखित इतिहासात बसावा, ही दुर्मीळ गोष्ट आहे.

केवढा हा तारा

काक्षी हा तांबडा महाराक्षसी तारा आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सोळा ते एकोणीस पट आणि त्रिज्या साडेसातशे पटींहून अधिक, असा २०२० सालचा एक चांगला अंदाज आहे. सूर्याच्या जागी काक्षी ठेवला तर बुध, शुक्र, पृथ्वी आणि मंगळ त्याच्या पोटात जातील आणि त्याची कड लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत पोचेल. पृष्ठभागाचे तापमान मात्र सुमारे ३,६०० केल्विन, म्हणजे सूर्यापेक्षा बरेच कमी. म्हणून तो तांबडा.

अंतर साडेपाचशे प्रकाशवर्षांच्या आसपास असल्यामुळे एवढा प्रचंड तारासुद्धा डोळ्यांना बिंदूच दिसतो. त्याचा व्यास पहिल्यांदा मोजला गेला १३ डिसेंबर १९२० रोजी. अमेरिकेत माउंट विल्सनच्या १०० इंची दुर्बिणीवर २० फूट लांबीची तुळई बसवून अल्बर्ट मायकेलसन, फ्रान्सिस पीस आणि जॉन अँडरसन यांनी प्रकाशलहरींच्या व्यतिकरणाने तो काढला. उत्तर आले ०.०४७ विकला. मुंबईत जेवणाचे ताट उभे धरले आणि दिल्लीहून त्याची रुंदी मोजायची ठरवली, तर ती साधारण एवढीच भरेल. सूर्याखेरीज दुसऱ्या एखाद्या ताऱ्याचा व्यास माणसाने मोजल्याची ही पहिली वेळ होती.

हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचा सगळा पेच त्यातच आहे. काक्षीचा सोबती शोधायचा म्हणजे त्या ताटाच्या कडेजवळ, त्याच्या लखलखाटात, एक फिकट ठिपका शोधायचा.

दोन ताल

काक्षीचे तेज बदलते हे १८३६ साली जॉन हर्शेल यांच्या लक्षात आले. तेव्हापासूनच्या नोंदींत दोन ताल ठळक दिसतात. एक साधारण ४०० दिवसांचा. त्याचे कारण कळलेले आहे: ताऱ्याचा बाह्य भाग फुगतो आणि आकसतो. दुसरा ताल लांब, सुमारे २,१०० दिवसांचा, म्हणजे पावणेसहा वर्षांचा. शास्त्रज्ञ त्याला ‘दीर्घ दुय्यम आवर्तन’ म्हणतात. तारा आकसण्या-फुगण्याच्या साध्या गणितात तो सहजी बसत नाही.

या लांब तालाचे कारण शोधणे ही निव्वळ हौस नव्हती. काक्षी कधीतरी सुपरनोव्हा होऊन फुटणार आहे, आणि तो किती लवकर फुटेल याचे उत्तर याच तालाशी जोडलेले होते. २०२३ साली एका गटाने मांडले, की २,१०० दिवसांचा तालच ताऱ्याचे मूळ स्पंदन असावे. तसे असेल तर तारा समजतो त्यापेक्षा बराच मोठा, त्याच्या गाभ्यातला कार्बन संपत आलेला आणि स्फोट काही दशकांवर आलेला. यावर आक्षेप आला तो मोजलेल्या व्यासाचा. एवढा मोठा तारा आकाशात आहे त्यापेक्षा रुंद दिसायला हवा होता. ४०० दिवसांचा तालच मूळ स्पंदन धरले तर स्फोट सुमारे एक लाख वर्षे दूर जातो. पण मग लांब तालासाठी दुसरे कारण शोधावे लागते.

ताऱ्याचे स्वतःभोवती फिरणे हे ते कारण होऊ शकत नाही, कारण काक्षीला एका फेरीसाठी तीसेक वर्षे लागतात. पृष्ठभागावर उसळणारे वायूचे प्रचंड फुगारे आहेत, पण दीडशे वर्षे एकच ताल धरून ठेवण्याइतके ते शिस्तीचे नाहीत. उरतो तो कक्षेत फिरणारा सोबती. ग्रह-ताऱ्यांच्या जगात इतक्या काटेकोर वेळेवर येणारी गोष्ट बहुधा कक्षाच असते.

पुन्हा पुन्हा आलेला संशय

हा विचार नवा नव्हता. १९०८ साली हेन्री प्लमर यांनी काक्षीच्या वर्णपटातल्या रेषा पाहिल्या. तारा आपल्याकडे येत असेल तर या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जात असेल तर तांबड्या बाजूला. त्यांना सुमारे सहा वर्षांचे मागे-पुढे होणे दिसले आणि सोबत्याची शंका आली. १९२८ साली हॅरल्ड स्पेन्सर जोन्स यांनाही जवळजवळ तोच काळ मिळाला.

पण विश्वास बसेना. लांब तालात ताऱ्याचा वेग सेकंदाला जेमतेम दीड किलोमीटरने बदलतो, तर त्याच्या पृष्ठभागावरचे वायू त्याहून जोरात वर-खाली उसळत असतात. त्या गोंधळात दीड किलोमीटरची हालचाल वेगळी काढायला एक-दोन फेऱ्यांच्या नोंदी पुरत नाहीत. त्यासाठी अनेक फेऱ्या, म्हणजे अनेक दशके लागतात.

१९८० च्या दशकात मार्गारिटा कारोव्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पेकल तंत्राने घेतलेल्या प्रतिमांतून काक्षीला एक नव्हे, दोन सोबती असल्याचे जाहीर केले. नंतरच्या निरीक्षणांत ते सापडले नाहीत आणि विषय मागे पडला. या तंत्रात काही मिलिसेकंदांची हजारो छायाचित्रे घेऊन हवेच्या थरथरीचा परिणाम गणिताने दूर करतात. पद्धत योग्यच होती, पण दुर्बिणी आणि कॅमेरे तेवढे सक्षम व्हायचे होते.

अचानक मावळलेले तेज

२०१९ च्या अखेरीस काक्षी झपाट्याने मंद होऊ लागला. फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची प्रत (तारा जितका मंद, तितका हा आकडा मोठा) १.६ पर्यंत घसरली. एरवी तो ०.५ च्या आसपास असतो. म्हणजे नेहमीच्या तेजापैकी चाळीस टक्क्यांहूनही कमी उरले होते. मृगाचा शेजारचा पाय असलेला बेलाट्रिक्स आणि काक्षी सारखेच दिसू लागले, आणि ते दिल्लीच्या धुरक्यातूनही नुसत्या डोळ्यांनी कळण्यासारखे होते. तारा आता फुटणार, अशा बातम्या जगभर पसरल्या.

तो फुटला नाही. चिलीतल्या व्हेरी लार्ज टेलिस्कोपच्या प्रतिमांत ताऱ्याचा दक्षिण भाग काळवंडलेला दिसला. हबल दुर्बिणीच्या नोंदींवरून आंद्रेया डुप्री यांनी दाखवले, की ताऱ्याने आधी बराच वायू बाहेर फेकला होता. तो थंड होऊन त्याची धूळ झाली आणि तिने आपल्या बाजूचा प्रकाश अडवला. उन्हाळा आणि पावसाळ्यात सूर्य काक्षीच्या दिशेला असतो. आपल्याकडे आर्द्रा नक्षत्र २१-२२ जूनला लागते, आणि त्याच दिवसांत आर्द्रेचा तारा सूर्यप्रकाशात बुडालेला असतो. म्हणून २०२० च्या त्या महिन्यांत सूर्याचा अभ्यास करणाऱ्या ‘स्टीरिओ’ यानाकडून त्याच्यावर नजर ठेवावी लागली. जपानच्या ‘हिमावारी-८’ या हवामान उपग्रहाच्या प्रतिमांतही काक्षी टिपला गेला होता, आणि त्या काळातली मोजमापे नंतर त्यांतूनही काढता आली.

या घटनेने सोबती सापडला नाही, पण दोन गोष्टी घडल्या. काक्षीच्या भोवती धूळ असते आणि ती त्याचे तेज ठरवते, हे पक्के झाले. आणि शंभर वर्षांच्या साऱ्या नोंदी पुन्हा काढून तपासायला अनेक जण बसले.

गणिताने सांगितलेली जागा

२०२४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे तेच उत्तर दिले. जॅरेड गोल्डबर्ग, मेरिडिथ जॉइस आणि लास्लो मोल्नार यांनी प्रकाशाच्या आणि वेगाच्या नोंदी ताडून एकेक पर्याय बाद करत नेला, आणि शेवटी सोबतीच उरला. मॉर्गन मॅकलाउड यांच्या गटाने शतकभराच्या वेगनोंदी आणि ताऱ्याच्या जागेतला सूक्ष्म फरक एकत्र मांडला. पहिल्या गटाच्या मते सोबत्याचे वस्तुमान सूर्याइतके किंवा थोडे जास्त, दुसऱ्याच्या मते सूर्याच्या सहा दशांश. कक्षेचा काळ दोघांच्याही मते २,१०० दिवसांच्या आसपास.

तेज बदलण्याचे स्पष्टीकरणही यातून मिळाले. काक्षीभोवतीच्या धुळीतून सोबती फिरतो तेव्हा तिची रचना बदलते. तो आपल्या बाजूला असताना मधली धूळ बाजूला होते आणि तारा उजळ दिसतो. तो पलीकडे गेला की धूळ पुन्हा आड येते.

या गणिताने एक तारीखही दिली: ६ डिसेंबर २०२४ च्या सुमारास सोबती काक्षीपासून सर्वात दूर दिसेल. त्या दिवसांत चंद्रा क्ष-किरण दुर्बीण आणि हबल तिकडे वळवण्यात आल्या. चंद्रा दुर्बिणीला क्ष-किरण सापडले नाहीत. तेही उपयोगी ठरले, कारण सोबती न्यूट्रॉन तारा असता तर ते दिसायला हवे होते. म्हणजे तो साधा, लहान आणि तरुण तारा असला पाहिजे.

हवाईच्या मौना केआ शिखरावरील ८.१ मीटरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीने याच काळात स्पेकल प्रतिमा घेतल्या. स्टीव्ह हॉवेल आणि सहकाऱ्यांनी जुलै २०२५ मध्ये जाहीर केले, की काक्षीच्या केंद्रापासून ०.०५२ विकला अंतरावर, ताऱ्याच्या त्रिज्येच्या साधारण दुप्पट दूर, एक ठिपका दिसतो. निळ्या प्रकाशात तो काक्षीपेक्षा सहा प्रतींनी, म्हणजे सुमारे अडीचशे पटींनी मंद आहे. त्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे दीडपट असावे. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्र संघटनेने त्याला ‘सिवार्हा’ हे नाव दिले.

हॉवेल यांच्या गटाने स्वतःच लिहिले आहे, की या प्रतिमेची खात्री दीड सिग्मा एवढीच आहे. पक्का शोध म्हणायला शास्त्रज्ञ सहसा पाच सिग्मांचा आग्रह धरतात. नुसता हा एक ठिपका असता तर कोणी त्यावर विसंबले नसते. पण गणिताने सांगितलेल्या दिवसांत, सांगितलेल्या जागी तो दिसला. फेब्रुवारी २०२० मध्ये, तो दिसू नये असे गणित सांगत होते, तेव्हा याच दुर्बिणीला तो दिसला नव्हता. जानेवारी २०२६ मध्ये डुप्री यांच्या गटाने आणखी एक पुरावा मांडला. काक्षीच्या विस्तीर्ण वातावरणातून जाताना सोबत्याच्या मागे उमटणारा दाट वायूचा पट्टा त्यांना सुमारे आठ वर्षांच्या वर्णपटांत सापडला.

एकत्र जन्मलेले, पण वेगळ्या वयाचे

काक्षी आणि सिवार्हा एकाच वायूमेघातून साधारण एक कोटी वर्षांपूर्वी जन्मले असावेत. वजनदार ताऱ्याचे इंधन झपाट्याने संपते, म्हणून काक्षी आयुष्याच्या अखेरीला आला आहे. हलक्या सिवार्हाच्या गाभ्यात हायड्रोजन नीट पेटायचाही आहे. आणि तो कधी पेटणारही नाही. काक्षीच्या भरतीबलामुळे त्याची कक्षा आक्रसते आहे, आणि मॅकलाउड यांच्या हिशेबाने दहा हजार वर्षांच्या आत काक्षी त्याला गिळून टाकेल.

आकाशात अशी आणखी उदाहरणे आहेत. वृश्चिकेतल्या तांबड्या ज्येष्ठेला निळसर सोबती आहे आणि तो चांगल्या दुर्बिणीतून दिसतो. सारथी तारकासमूहातला एप्सिलॉन हा तारा दर २७ वर्षांनी मंद होतो, कारण धुळीची एक प्रचंड चकती त्याच्यासमोरून जाते. २००९ ते २०११ च्या ग्रहणात ती चकती प्रत्यक्ष प्रतिमेत टिपली गेली. स्पंदन पावणाऱ्या तांबड्या राक्षसी ताऱ्यांपैकी सुमारे एक तृतीयांश ताऱ्यांत काक्षीसारखा लांब ताल आढळतो. २०२१ साली इगोर सोशिन्स्की यांच्या गटाने हजारो ताऱ्यांच्या नोंदींवरून दाखवले, की त्याचे कारण धुळीत लपेटलेले सोबती असावेत. काक्षीचे कोडे सुटले तर या सगळ्यांचे सुटण्याची वाट मोकळी होते.

गच्चीवरून करता येण्याजोगे काम

या साऱ्या शोधाचा पाया आहे तो दीर्घकाळच्या नोंदींचा, आणि त्यांतला मोठा वाटा हौशी निरीक्षकांचा आहे. अमेरिकेत १९११ साली स्थापन झालेल्या रूपविकारी तारा निरीक्षकांच्या संघटनेकडे काक्षीचे शतकाहून अधिक काळचे अंदाज जमा आहेत. गोल्डबर्ग यांच्या गटाने तेही वापरले. या संघटनेला भारतातून नोंदी पाठवणाऱ्यांत राधागोविंद चंद्र हे नाव आदराने घ्यावे असे आहे. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करत त्यांनी विविध ताऱ्यांची ३७ हजारांहून अधिक निरीक्षणे केली. संघटनेने त्यांना १९२६ साली सहा इंची दुर्बीण वापरायला दिली, आणि तीच पुढे खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू यांच्याकडे गेली.

काक्षीसाठी दुर्बीणही लागत नाही. नोव्हेंबर ते एप्रिल या काळात, हवा स्वच्छ असेल त्या रात्री त्याची तुलना चार ताऱ्यांशी करावी: प्रश्वा (प्रत ०.३), रोहिणी (०.९), पुनर्वसूतला पोलक्स (१.१) आणि बेलाट्रिक्स (१.६). काक्षी रोहिणीपेक्षा उजळ आणि प्रश्वापेक्षा मंद वाटला, तर त्यांच्या मधला आकडा लिहावा. तुलनेचा तारा काक्षीइतक्याच उंचीवर असताना पाहावे, म्हणजे दिल्लीचे धुरके दोघांनाही सारखेच मंद करते आणि अंदाज चुकत नाही. तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहू नये. तो आहे त्यापेक्षा उजळ वाटू लागतो. झटकन नजर फिरवून ठरवावे आणि तारीख, वेळ लिहावी. दिल्लीत नेहरू तारांगण १९८४ पासून आहे आणि हौशी खगोलप्रेमींची संघटनाही आहे. तारे ओळखायला तिथे शिकता येते.

सिवार्हा पुन्हा काक्षीपासून सर्वात दूर दिसेल तो नोव्हेंबर २०२७ मध्ये. जगातल्या मोठ्या दुर्बिणी तेव्हा तिकडे वळतील आणि त्या प्रतिमा तपासताना आधीच्या महिन्यांतल्या तेजाच्या नोंदी लागतील. आजपासून आठवड्याला एक आकडा लिहायला सुरुवात करा. तेव्हापर्यंत तुमच्या वहीतही काक्षीच्या तालाचा मोठा तुकडा जमलेला असेल.